साखळी की पट्टा?

बर्फावर चालणाऱ्या गाडीला स्नोमोबाइल म्हणतात. डोंगर चढणाऱ्या स्नोमोबाइलमध्ये इंजिनाची शक्ती पुढे पोहोचवण्याचे काम कुठे साखळी करते, तर कुठे दातेरी पट्टा करतो. या दोघांपैकी अधिक भरवशाचे कोण, याचा विचार प्रस्तुत पाठात केला आहे.

१९३४ सालच्या हिवाळ्यातील ही गोष्ट आहे. कॅनडा देशातील क्विबेक प्रांतात व्हॅलकोर नावाचे एक लहान गाव आहे. तेथे जोसेफ-आर्मांड बॉम्बार्डिए नावाचा एक तरुण मेकॅनिक राहत होता. गावात त्याचे स्वतःचे गॅरेज होते. त्या हिवाळ्यात त्याचा लहानगा मुलगा ईव्हॉन पोटाच्या दुखण्याने अतिशय आजारी पडला. त्याला ताबडतोब रुग्णालयात नेणे आवश्यक होते. पण गावाबाहेरचे सगळे रस्ते बर्फाखाली गाडले गेले होते. मोटार चालवणे अशक्य होते. बर्फावर चालणारी गाडी बनवण्याचे बॉम्बार्डिएचे प्रयत्न अनेक वर्षे चालू होते. परंतु त्या दिवशी एकही गाडी तयार नव्हती. बाप गाड्यांचा कारागीर, आणि गाडीअभावीच त्याचे मूल दगावले.

बॉम्बार्डिए खचला नाही. त्याने एक दातेरी चाक तयार केले आणि त्यावर रबराचा रुंद पट्टा बसवला. चाक फिरू लागले की त्याचे दाते पट्ट्याला ओढत आणि पट्टा बर्फावर चालू लागे. या रचनेचे पेटंट त्याला १९३७ साली मिळाले. पुढे त्याच्या मोठ्या हिमगाड्यांतून रुग्ण, टपाल आणि शाळेतील मुलेही ये-जा करू लागली. १९५९ साली त्याने एक-दोन माणसांसाठी स्की-डू नावाची छोटी गाडी बाजारात आणली. आजची स्नोमोबाइल ही याच घराण्यातील आहे.

विद्यार्थी मित्रांनो, ही हकिगत मी सुरुवातीलाच का सांगितली? कारण बर्फाच्या प्रदेशात गाडी म्हणजे केवळ मौजेची वस्तू नव्हे. ती सुरू असेल तर माणूस घरी पोहोचतो. ती मध्येच बंद पडली तर जिवावर बेतते. आपल्या देशात गुलमर्ग येथे पर्यटक हौसेने स्नोमोबाइलवर बसतात. पण सियाचिन हिमनदीवर आपले जवान अशाच गाड्या कामासाठी वापरतात. तेथे तिला स्नो-स्कूटर म्हणतात. म्हणून या गाडीचा कोणता भाग केव्हा दगा देतो, हा प्रश्न साधा नाही.

प्रथम ही गाडी चालते कशी ते पाहू. तिला पुढे दोन स्की असतात. स्की म्हणजे बर्फावर घसरणाऱ्या लांब पट्ट्या. त्यांच्या साहाय्याने गाडी वळवता येते. मागे चाकांऐवजी रबराचा एक रुंद, न तुटणारा फेरा असतो. त्याला ट्रॅक म्हणतात. डोंगरावर चालवायच्या स्नोमोबाइलचा ट्रॅक बराच लांब असतो. त्याचा पूर्ण फेरा मोजला तर तो सुमारे चार मीटर भरतो. त्यावर रबराची सहा-सात सेंटिमीटर उंच वल्ही असतात. नावाडी जसा वल्ह्याने पाणी मागे लोटतो, तशी ही वल्ही भुसभुशीत बर्फ मागे लोटतात आणि गाडी पुढे जाते. उत्तर अमेरिकेतील रॉकी पर्वतात आणि कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात अशा गाड्या घेऊन लोक कंबरभर बर्फातून उभे चढ चढतात.

आता इंजिनाची शक्ती ट्रॅकपर्यंत कशी जाते? ती दोन टप्प्यांनी जाते. हे दोन टप्पे नीट लक्षात ठेवा, कारण पुष्कळांचा येथेच घोटाळा होतो.

पहिला टप्पा गिअर नसलेल्या स्कूटरसारखाच असतो. इंजिनाच्या टोकाला एक पुली आणि तिच्यासमोर दुसरी पुली असते. दोहोंवर एक गुळगुळीत कडांचा रबरी पट्टा फिरतो. वेग वाढला की पुल्यांच्या तबकड्या जवळ किंवा दूर सरकतात आणि गिअर आपोआप बदलतो. हा पट्टा केवळ घर्षणाने, म्हणजे रगडीने पकड घेतो. तो तापतो, झिजतो आणि अधूनमधून तुटतोही. जवळजवळ प्रत्येक स्नोमोबाइलमध्ये हा पट्टा असतोच. अनुभवी चालक त्याचा एक जोड नेहमी बरोबर ठेवतो. तो बदलणे फारसे अवघड नसते.

आपला वाद या पट्ट्याविषयी नाही. वाद दुसऱ्या टप्प्याविषयी आहे. दुसरी पुली ज्या दांड्यावर असते, त्या दांड्याचे दुसरे टोक गाडीच्या विरुद्ध बाजूला निघते. तेथे एक लहान दातेरी चाक असते. त्याच्या खाली, ट्रॅक फिरवणाऱ्या दांड्यावर, एक मोठे दातेरी चाक असते. या वरच्या आणि खालच्या चाकांना जोडायचे कशाने, हाच खरा प्रश्न आहे. जुना उपाय साखळीचा, म्हणजे तुमच्या उर्दूतल्या जंजीरचा. नवा उपाय दातेरी पट्ट्याचा. दाते म्हणजे दंदाने, हेही तुम्हाला ठाऊक आहेच.

वरचे चाक लहान आणि खालचे मोठे का, हे सायकल चालवणाऱ्यास सांगावे लागणार नाही. चढावर मागचे चाक मोठ्या दंदान्यांचे असले तर पाय हलके पडतात. वेग कमी होतो, पण जोर वाढतो. डोंगरावरच्या गाडीला हाच जोर हवा असतो.

हा जोर किती असतो? एक सोपे गणित करू. समजा, चढावर ट्रॅकपर्यंत १०० अश्वशक्ती पोहोचते आहे. १०० अश्वशक्ती म्हणजे सुमारे ७५ किलोवॉट, अर्थात ७५,००० वॉट. समजा, त्या वेळी साखळी सेकंदाला १० मीटर वेगाने पळते आहे. शक्तीला वेगाने भागले की बल मिळते. ७५,००० भागिले १० म्हणजे ७,५०० न्यूटन. साडेसात क्विंटलांहून थोडे अधिक वजन टांगल्यावर दोरीला जेवढा ताण बसेल, तेवढा हा ताण झाला. तो पेलायचा कोणी? दोन बोटे रुंदीच्या साखळीने किंवा पट्ट्याने! शिवाय ट्रॅक एखाद्या खडकावर आपटला किंवा गाडी उडी मारून खाली आली, तर क्षणभर हा ताण आणखी वाढतो.

आधी साखळीचा विचार करू. ती एका बंद धातूच्या पेटीत असते. तिला चेनकेस म्हणतात. पेटीत तेल भरलेले असते आणि साखळी त्या तेलात फिरते. ही साखळी सायकलच्या साखळीसारखी नसते. तिच्या पोलादी पट्ट्यांनाच दाते असतात आणि ते चाकाच्या दात्यांत अलगद बसतात. त्यामुळे आवाज कमी होतो. हान्स रेनॉल्ड या कारखानदाराने इंग्लंडमधील मँचेस्टर येथे १८८० साली आजच्या सायकल-साखळीचा पूर्वज तयार केला आणि पुढे अशी कमी आवाजाची साखळीही तयार केली. म्हणजे या साखळीचा अनुभव सव्वाशे वर्षांहून जुना आहे.

पोलादी साखळी मोठी चिवट असते. एखादा लहान खडा, थोडासा कचरा यांनी तिचे सहसा बिघडत नाही. पण तिला निगा लागते. आपण म्हणतो, साखळी ताणली. खरे पाहता पोलाद रबरासारखे ताणले जात नाही. साखळीच्या प्रत्येक सांध्यात एक पिन असते. ती किंचित झिजते. समजा, एका सांध्यात केसाहून कमी, म्हणजे ०.०२ मिलिमीटर झीज झाली. असे ८० सांधे असतील, तर साखळी १.६ मिलिमीटरने लांबली. मग ती सैल पडते, पेटीवर आपटते आणि खडखड करू लागते. म्हणून पेटीत ताण देणारा एक तुकडा असतो. तो सरकवून साखळी पुन्हा ताठ करावी लागते. काही गाड्यांत हे काम स्प्रिंग आपोआप करते.

तेलाचीही काळजी घ्यावी लागते. दांडा जेथून पेटीबाहेर येतो, तेथे रबराचे ऑईल सील असते. ते झिजले की तेल गळते. गाडी चालून गरम होते आणि थांबल्यावर थंड होते. त्यामुळे पेटीत हवेतली वाफ पाणी होऊन साचते आणि तेल दुधासारखे पांढुरके दिसू लागते. असे तेल बदलले नाही, तर साखळी व बेअरिंग गंजतात. तेल अगदी संपले, तर साखळी तापून तुटते. तुटलेली साखळी कधी कधी पेटीच फोडून टाकते. मग डोंगरावर दुरुस्ती जवळजवळ अशक्यच.

आता पट्ट्याची बाजू ऐकू. दातेरी पट्टा बनला तो विसाव्या शतकाच्या मध्याला. आज तो कित्येक मोटारींच्या इंजिनात असतो. १९६२ सालच्या ग्लास १००४ या जर्मन मोटारीत तो इंजिनाच्या आत काम करत होता. स्नोमोबाइलमध्ये त्याची मोठी चर्चा सुरू झाली ती पोलारिस या अमेरिकन कंपनीने २०१३ च्या मॉडेलमध्ये, आपल्या प्रो-आरएमके या पर्वती गाडीवर, क्विकड्राइव्ह नावाने तो बसवला तेव्हापासून. पुढे याच कंपनीने क्विकड्राइव्ह-२ ही सुधारित रचना आणली. उलट स्की-डूच्या समिट या पर्वती गाड्यांनी साखळीची पेटी सोडली नाही. दोन्ही कंपन्यांचे कारागीर हुशार आहेत. तरी त्यांनी निवड वेगवेगळी केली. यावरूनच प्रश्न किती कठीण आहे ते समजते.

पट्टा पाहायला रबरासारखा दिसतो, पण त्याचे बळ रबरात नसते. त्याच्या पोटात बारीक, अतिशय मजबूत दोऱ्या असतात. काही पट्ट्यांत त्या अ‍ॅरामिड नावाच्या धाग्याच्या असतात. या जातीचा केव्हलार हा धागा स्टेफनी क्वोलेक या महिला रसायनशास्त्रज्ञाने १९६५ साली शोधून काढला. काही पट्ट्यांत कार्बनच्या तंतूंच्या दोऱ्या असतात. अशी दोरी ओढल्यावर जवळजवळ लांबत नाही. म्हणून पट्टा वारंवार ताठ करावा लागत नाही. त्याला तेल लागत नाही. तेल नाही म्हणून गळती नाही, बदलणे नाही, पांढुरके होणे नाही.

पट्ट्याचा दुसरा गुण म्हणजे हलकेपणा. साखळी, पोलादी चाके, तेल आणि बंद पेटी यांचे वजन वाचते. खोल बर्फात प्रत्येक किलो मोलाचा असतो, कारण जड गाडी बर्फात रुतते. त्यातही फिरणाऱ्या भागाचे वजन कमी होणे अधिक फायद्याचे. दोरीला लहान दगड बांधून फिरवा, मग मोठा दगड बांधून फिरवा. मोठ्याला वेग देताना हात किती ओढला जातो, ते पाहा. गाडीतही तसेच आहे. फिरणारे भाग हलके असले की ट्रॅक झटकन वेग घेतो. उंचावर हवा विरळ असते. साधारण ३०० मीटर चढल्यावर साध्या इंजिनाची शक्ती सुमारे तीन टक्के घटते. ३,००० मीटरवर जवळजवळ तीस टक्के शक्ती गेलेली असते. अशा वेळी वाचवलेली थोडी शक्तीही कामी येते.

मग सगळ्यांनी पट्टाच का घेऊ नये? कारण पट्ट्याचेही शत्रू आहेत. पहिला शत्रू म्हणजे आत शिरणारा कठीण कण. पट्टा बंद तेलाच्या पेटीत नसतो. त्यावर झाकण असते, पण बर्फाचा भुगा, बर्फाचा कडक खडा किंवा रस्त्यावरचा बारीक दगड आत जाऊ शकतो. तो दाते आणि चाक यांच्या मध्ये सापडला, तर पट्टा त्या जागी उचलला जातो. आतील दोऱ्यांवर एकदम भार येतो आणि त्या चिरल्या जातात. साखळीने जो खडा चिरडून टाकला असता, तोच पट्ट्याचा घात करतो.

दुसरा शत्रू म्हणजे चुकीचा ताण. पट्टा सैल बसला, तर मोठ्या झटक्यासरशी तो चाकाच्या दात्यांवरून उडी मारतो आणि त्याचे दाते कापले जातात. फार ताठ बसला, तर बेअरिंगवर भार पडतो. तिसरा शत्रू म्हणजे वाकडी बसलेली चाके. वरचे व खालचे चाक एका रेषेत नसेल, तर पट्ट्याची कड सतत घासत राहते. चौथा शत्रू आपला स्वतःचा हात! कार्बनची दोरी ओढ सहन करते, पण तीव्र दुमड सहन करत नाही. जास्तीचा पट्टा कोणी दुमडून पिशवीत कोंबला, तर त्या घडीपाशी आतील तंतू तुटतात. बाहेरून पट्टा नवाच दिसतो. गाडीवर चढवला की थोड्या वेळात तेथेच तुटतो. मग लोक पट्ट्याला दोष देतात.

याशिवाय एक अडचण आहे. साखळीच्या पेटीत वेगळ्या दात्यांची चाके बसवून गाडीचा जोर कमी-जास्त करता येतो, कारण ताण देणारा तुकडा थोडाफार फरक सांभाळून घेतो. पट्ट्याच्या रचनेत दोन चाकांमधले अंतर ठरलेले असते. त्यामुळे ठरावीक चाके आणि ठरावीक लांबीचाच पट्टा चालतो. गाडीवर टर्बो बसवून शक्ती वाढवणाऱ्यांनी तर हा हिशेब आधी करायला हवा. ज्या पट्ट्याची निवड मूळ इंजिनासाठी झाली आहे, त्याच्याकडून दीडपट काम घेणे हा त्याच्यावर अन्याय आहे.

आता दोघांचा निवाडा करू. माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा फरक मजबुतीचा नाही, तर इशाऱ्याचा आहे. साखळी सहसा हळूहळू बिघडते आणि बिघडताना सांगत असते. ती खडखडते. तेलाचे डाग दिसतात. पेटीचे तेल काढण्याच्या बुचाला कित्येकदा लोहचुंबक असते; त्यावर पोलादाचा बारीक कीस जमलेला दिसतो. ज्याला कान आणि डोळे आहेत, त्याला ती आठवड्यांपूर्वीच सावध करते. पट्टा मात्र बहुधा गप्प असतो. आतील दोऱ्या एकामागून एक तुटत असल्या तरी गाडी सुरळीत चालते. आणि मग एका चढावर तो एकदम तुटतो.

पण तुटल्यानंतरची गोष्ट उलटी आहे. तुटलेली साखळी तेलाने माखलेल्या पेटीत असते. पेटी उघडली की तेल सांडते. पट्टा कोरडा असतो. योग्य पाने आणि चांगला जोडपट्टा जवळ असेल, तर काही गाड्यांवर तो डोंगरावरही बदलता येतो. म्हणजे एक जण आधी इशारा देतो, पण नंतर मदत करत नाही. दुसरा इशारा देत नाही, पण नंतर सावरायला संधी देतो.

आणखी एक धोका दोघांतही सारखाच आहे आणि तो फार थोड्यांच्या लक्षात येतो. ब्रेकची तबकडी कोणत्या दांड्यावर आहे, ते पाहा. ती खालच्या, ट्रॅक फिरवणाऱ्या दांड्यावर असेल, तर साखळी वा पट्टा तुटला तरी ब्रेक ट्रॅकला थांबवतो. ती वरच्या दांड्यावर असेल, तर मधला दुवाच तुटलेला असतो. ब्रेक दाबला तर वरचा दांडा थांबतो, पण ट्रॅक मोकळा फिरत राहतो. उभ्या चढावर अशा वेळी गाडी मागे घसरते आणि तिला आवरणे कठीण होते. म्हणून नवी गाडी घेणाऱ्याने साखळी की पट्टा हे विचारण्याबरोबर, ब्रेक कोठे आहे हेही विचारावे.

तर मग भरवशाचे कोण? उत्तर माणसावर अवलंबून आहे. जो नियमाने तेल पाहतो, ताण तपासतो, थोडे जास्त वजन चालवून घेतो आणि इंजिनाची शक्ती वाढवू इच्छितो, त्याला साखळी बरी. ज्याला हलकी गाडी हवी, जो झाकणाखालचा बर्फ व खडे साफ ठेवतो, प्रत्येक फेरीपूर्वी पट्ट्याचे दाते आणि कडा निरखतो आणि ठरलेल्या मुदतीत पट्टा बदलतो, त्याला पट्टा बरा. जो यांतले काहीच करत नाही, त्याला साखळीही दगा देईल आणि पट्टाही.

आणि कितीही चांगली गाडी असली, तरी जाणते लोक डोंगरात एकटे जात नाहीत. ते जोडीने किंवा चार-पाच जण मिळून जातात. बरोबर फावडे, बर्फात माणूस शोधण्याची लांब काठी आणि हिमस्खलनात गाडला गेल्यास ठावठिकाणा सांगणारे छोटे रेडिओ-यंत्र ठेवतात. गाडी बंद पडलीच, तर पायी परतता येईल एवढा दिवस शिल्लक ठेवूनच ते निघतात.

मित्रांनो, तुमच्यापैकी फार थोडे जण कधी स्नोमोबाइल पाहतील. पण सायकल सर्वांकडे आहे. घरी शिलाई मशीन असेल, मोहल्ल्यात पिठाची गिरणी असेल. तेथेही कोठे साखळी, कोठे पट्टा काम करत आहे. आज शाळा सुटल्यावर आपल्या सायकलची साखळी मध्यभागी बोटाने दाबून पाहा. ती फार सैल असेल, तर पुढच्या चढाची वाट पाहू नका. व्हॅलकोरच्या त्या कारागिराकडे कौशल्य होते, जिद्द होती. पण गरज पडली त्या दिवशी गाडी तयार नव्हती. तयारी ही गरजेच्या आधी करायची असते.

स्वाध्याय

१. बॉम्बार्डिएच्या मुलाला रुग्णालयात का नेता आले नाही?
२. स्नोमोबाइलच्या पहिल्या टप्प्यातील पट्टा आणि दुसऱ्या टप्प्यातील दातेरी पट्टा यांत काय फरक आहे?
३. ‘साखळी ताणली’ असे आपण म्हणतो. प्रत्यक्षात काय घडलेले असते?
४. जोडपट्टा दुमडून का ठेवू नये?
५. साखळी सेकंदाला १५ मीटर वेगाने पळत असेल आणि शक्ती ७५,००० वॉट असेल, तर ताण किती न्यूटन येईल?
६. तुमच्या घरातील किंवा मोहल्ल्यातील एखाद्या यंत्राचे निरीक्षण करा. त्यात साखळी आहे की पट्टा, आणि त्याची निगा कशी राखतात, हे आठ-दहा वाक्यांत लिहा.